'यंत्रयुग' नावाची पळवाट

औद्योगिकीकरणामुळे एकत्र कुटुंब मोडले, माणूस गावापासून तुटला, जातीची बंधने सैल झाली आणि महानगराच्या गर्दीत तो एकाकी झाला, अशा आशयाचे वाक्य उत्तरपत्रिकांच्या प्रत्येक गठ्ठ्यात आम्हाला भेटते. त्याला दहापैकी सहा-सात गुण देऊन आम्ही पुढच्या प्रश्नाकडे वळतो. विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हे वाक्य त्यांनी मार्गदर्शकांतून घेतले, मार्गदर्शकांनी समीक्षेच्या पुस्तकांतून घेतले आणि समीक्षेने ते युरोपातून आणले. आणताना ते इथल्या जमिनीवर टेकते का, हे फारसे कुणी पाहिले नाही. मर्ढेकरांची कविता शिकवण्यापूर्वी 'यंत्रयुगाची पार्श्वभूमी' म्हणून आपण जे दहा मिनिटे सांगतो, ते मुंबईच्या गिरण्यांपुरते बव्हंशी खोटे आहे, असे आमचे म्हणणे आहे.

आधी कुटुंबाचे पाहू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला तिची गिरणी सुरू झाली. पुढच्या काही दशकांत गिरणगाव उभे राहिले. त्यात राबायला आलेल्यांत सर्वांत मोठा वाटा रत्नागिरी जिल्ह्याचा होता (आजचा सिंधुदुर्ग त्यातच आला). हा माणूस गाव सोडून आला नव्हता, गावाने त्याला पाठवले होते. घरची तुटपुंजी भातशेती वर्षभर पुरत नव्हती आणि खोताचा वाटा व सावकाराचे व्याज चुकवायला रोकड हवी होती. म्हणून घरातला एक पुरुष गलबताने, पुढे आगबोटीने मुंबईस जाई. बायको, म्हातारे आईबाप आणि पोरे मागे राहत. शिमग्याला किंवा लावणीच्या वेळी तो परते, आजारी पडला तरी परते आणि हातपाय थकले की कायमचा परते. म्हणजे कुटुंब मोडले नाही. ते ताणले गेले, आणि त्या ताणावरच गिरणी चालली.

हिशेब साधा आहे. गिरणीचा पगार एका माणसाला चाळीतल्या खोलीत दहाजणांबरोबर पथारी टाकून, खानावळीत जेवून कसाबसा जगवी. त्याची पोरे वाढवण्याचा, आजारपणाचा, बेकारीतल्या महिन्यांचा आणि म्हातारपणाचा खर्च मालकाच्या वहीत कुठेच नव्हता. तो भरून काढत होती कोकणातल्या खाचरात कमरेपर्यंत वाकलेली बाई. तिला हजेरीपुस्तक नव्हते, म्हणून ती औद्योगिकीकरणाच्या इतिहासात नाही आणि आपल्या टिपणांतही नाही. तिचे म्हणणे कुठे उरले असेल तर ते ओवीत. गी पोइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने लाखावर ओव्या जमा झालेल्या आहेत. आपण मात्र ओवी 'लोकसाहित्य' या पेपरात शिकवतो आणि 'यंत्रयुग' आधुनिक कवितेच्या पेपरात. या दोन पेपरांची गाठ पडू नये अशी जणू व्यवस्थाच आहे.

गावाशी असलेले हे नाते केवळ मालकाच्या सोयीचे नव्हते, हेही नोंदवायला हवे. १८९६ मध्ये प्लेग आला आणि कामगार हजारोंनी गावी निघून गेले. मग गिरण्यांना रस्त्याच्या नाक्यानाक्यावर मजुरांसाठी बोली लावावी लागली, महिन्याचा पगार अडकवून ठेवण्याची रीत बाजूला ठेवून रोजच्या रोज रोख मोजावे लागले. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला संप कामगारांनी इतका लांबवला, त्यामागेही गावाकडचे मूठभर तांदूळ होतेच. ज्याला आपण 'तुटलेला माणूस' म्हणतो, तो न तुटल्यामुळेच काही काळ तरी तग धरू शकला.

जातीची बंधने सैल झाली म्हणावे, तर विणकाम खात्यात जाऊन पाहावे. पगार तिथे चांगला होता. पण कांडीवरचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि 'उष्ट्या' धोट्याला स्पृश्य विणकर तयार नसत. या कारणाने अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात प्रवेशच नव्हता. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. पहिली गिरणी सुरू होऊन तोवर बहात्तर वर्षे झाली होती. यंत्राने जात मोडली नाही. यंत्रासमोर कुणी उभे राहायचे हे जातीने ठरवले.

आता आमच्या विषयाच्या लोकांना अधिक झोंबणारी गोष्ट. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने काय दिले? सात वर्षांखालच्या मुलांना कामास बंदी, आणि सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा. प्रौढांसाठी तासांची मर्यादा नव्हतीच. पुरुषांना बारा तासांची मर्यादा मिळायला १९११ उजाडले. एवढ्याशा कायद्यालाही राष्ट्रीय बाण्याच्या बहुतेक वृत्तपत्रांनी विरोध केला. लँकेशायरच्या गिरणीमालकांनी हिंदी उद्योग बुडवण्यासाठी रचलेला हा डाव आहे, हा त्यांचा युक्तिवाद. लँकेशायरचा स्वार्थ खराच होता. पण सात वर्षांच्या पोराचे तास मोजताना स्वदेशी मालकाची बाजू घ्यावी लागते, हा त्या राष्ट्रवादाचा तोकडेपणाही तितकाच खरा आहे.

त्याच काळात 'दीनबंधू' नारायण मेघाजी लोखंड्यांच्या हाती होते. १८८४ मध्ये त्यांनी सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारपुढे ठेवले. मागण्या अशा : रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन. पंधरा तारीख मागावी लागते, याचा अर्थ त्या तारखेपर्यंतही पगार मिळत नव्हता आणि कामगार तोवर वाण्याच्या उधारीवर जगत होता. १८९० च्या एप्रिलमधील सभेला दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रिया तिथे बोलल्या. त्याच वर्षी १० जूनला मालकांनी रविवारची सुटी मान्य केली.

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य शिकवताना आपण 'निबंधमाले'ची शैली वर्षानुवर्षे चघळतो. 'केसरी'तील अग्रलेखांचा ओजगुण सांगतो. 'दीनबंधू'ला वृत्तपत्रांच्या यादीत एक ओळ मिळते. वरेरकरांचा 'धावता धोटा' कितीजणांनी अलीकडे वाचला, हा प्रश्न आम्ही सहकाऱ्यांना विचारत नाही. शिष्टाचाराला धरून होणार नाही.

हे सारे समाजशास्त्राचे काम, साहित्याचे नव्हे, असे म्हटले जाईलच. मग 'एकाकीपणा' हा शब्द तरी आपण कुठून आणला? कवितेत यंत्र दिसले की विद्यार्थ्याने त्यापुढे माणसाचे परात्म होणे लिहावे, ही आपलीच शिकवण आहे, आणि तो समाजशास्त्रीय दावाच आहे. फक्त न तपासलेला. येत्या अभ्यासमंडळात गद्याच्या पेपरमध्ये 'निबंधमाले'शेजारी 'दीनबंधू'तील उपलब्ध मजकूर ठेवावा आणि 'यंत्रयुगाची पार्श्वभूमी' या घटकात स्थलांतरावरच्या ओव्या घ्याव्यात, असा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. तास वाढवून मागणार नाही. ती दहा मिनिटे पुरतील.