शिफारशीची दलाली

"सर, तुम्ही सांगितलेली टेस्ट सिरीज घेतली बरं का," असे एका विद्यार्थिनीने गेल्या उन्हाळ्यात मला नांदेडच्या बसस्थानकावर सांगितले. मी तिला कोणतीही टेस्ट सिरीज सांगितलेली नव्हती. तिने मोबाइलवर ई-मेल उघडून दाखवला. आरंभी तिचे नाव, पुढे सेट परीक्षेच्या ताणाविषयी चार आपुलकीची वाक्ये, मग माझ्या एका व्याख्यानाचा उल्लेख आणि त्याला लागूनच एका सराव परीक्षेची 'मनापासून' शिफारस, खाली लिंक. पाठवणारा आमच्याच विषयातला एक तरुण सहकारी. तिचा पत्ता त्याला मिळाला होता दोन वर्षांपूर्वीच्या एका नेट-सेट मार्गदर्शन कार्यशाळेच्या नोंदणी-तक्त्यातून. त्या तक्त्यावर नाव, मोबाइल आणि ई-मेल लिहा, नोट्स मोफत पाठवू, असे विद्यार्थ्यांना सांगणाऱ्यांत मीही होतो. तेव्हा हा लेख केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी लिहिला आहे, असे कोणी समजू नये.

सहकाऱ्याला विचारले तेव्हा त्याने लपवाछपवी केली नाही. त्या लिंकवरून जो कोणी पैसे भरेल त्याच्यामागे याला काही टक्के मिळतात. "यात चूक काय सर? मी वस्तू चांगलीच सुचवतो," तो म्हणाला. प्रश्न खरा होता आणि त्याला मी त्या वेळी दिलेले उत्तर फारच गुळमुळीत होते.

हा धंदा समजून घेतला पाहिजे, कारण तो आता आपल्या विभागांच्या दारापर्यंत आला आहे. इंग्रजीत त्याला 'अफिलिएट मार्केटिंग' म्हणतात. साध्या मराठीत, गिऱ्हाईक आणून देण्याची दलाली. अ‍ॅमेझॉनने १९९६ साली ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली तेव्हा ती कंपनी केवळ पुस्तकेच विकत होती, हे साहित्याच्या माणसांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. ज्याच्या लिंकवरून वाचक दुकानात शिरला त्याच्या नावाची खूण त्या लिंकमध्येच असते. खरेदी झाली की हिस्सा त्याच्या खात्यात. या धंद्यातले जाणते मात्र नवख्याला पहिला धडा वेगळाच देतात. वाचकाला थेट दुकानात पाठवू नकोस, पाठवलास की तो दुकानाचा झाला. आधी त्याचा पत्ता घे. पत्ता फुकट कोणी देत नाही, म्हणून काहीतरी मोफत द्यायचे. मग एकदाच लिहून ठेवलेली पत्रे यंत्र ठरलेल्या अंतराने पाठवत राहते: पहिल्या दिवशी स्वागत, तिसऱ्या दिवशी उपयुक्त माहिती, पाचव्या दिवशी स्वतःच्या धडपडीची कहाणी, सातव्या दिवशी शिफारस.

आमच्याकडे मोफत द्यायची वस्तू काय असते? मागील वर्षांच्या नेटच्या प्रश्नपत्रिका. त्या परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेच्या संकेतस्थळावर कोणालाही मिळतात. किंवा कोणाच्या तरी समीक्षाग्रंथाची स्कॅन केलेली प्रत, जी देणाऱ्याच्या मालकीची नसते. म्हणजे जे सार्वजनिक आहे किंवा जे चोरलेले आहे, ते देऊन विद्यार्थ्याचे नाव विकत घेतले जाते.

याचा अर्थ नावांची यादी करणे हेच पाप आहे, असा सोवळा पवित्रा मला घ्यायचा नाही. मराठी वाङ्मयव्यवहार वर्गणीदारांच्या यादीवरच उभा राहिला. श्री. व्यं. केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी लिमिटेड कंपनी काढली, गावोगाव प्रचार करून वर्गणीदार जमवले आणि त्या खटाटोपाची हकिकत 'माझे बारा वर्षांचे काम' या १९२७ सालच्या पुस्तकात स्वतःच लिहिली. ज्ञानकोशाचे तेवीस खंड आज आपण आदराने उघडतो, त्यांच्या मुळाशी विक्रीची विवंचना होती आणि केतकरांना ती लपवावीशी वाटली नाही. 'किर्लोस्कर' मासिकाचे उदाहरण तर आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. १९२० साली ते निघाले तेव्हा त्याचे नाव 'किर्लोस्कर खबर' होते आणि ते नांगर बनवणाऱ्या कारखान्याचे पत्र होते. वाचक आधी गिऱ्हाईक होता, नंतर वाचक झाला. शं. वा. किर्लोस्करांनी त्यातून एक मोठे मासिक घडवले, १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' काढले. जाहिरातीतून वाङ्मय जन्मूच शकत नाही, असे म्हणणाऱ्यांनी या इतिहासाकडे पाहावे. पण 'किर्लोस्कर'च्या मुखपृष्ठावर नाव कोणाचे होते? नांगर विकणाऱ्याचे. अंक हाती घेणाऱ्या शेतकऱ्याला आपण कोणाचे वाचतो आहोत हे नावापासूनच कळत होते.

मराठवाड्यात तर वर्गणीदार होणे ही एके काळी जोखीम होती. आ. कृ. वाघमारे यांनी निजामी राजवटीच्या काळात पुण्याहून 'मराठवाडा' हे साप्ताहिक चालवले. हैदराबाद संस्थानात त्यावर बंदी येई आणि ते नवे नाव घेऊन पुन्हा निघे. अशा पत्राला आपले नाव आणि पत्ता देणे म्हणजे संपादकाच्या हाती स्वतःची सुरक्षितता देणे. आजच्या नोंदणी-तक्त्यात नाव भरणाऱ्या मुलीला पोलिसांचे भय नाही हे खरे. पण नाव देण्याच्या कृतीत विश्वासाचा जो अंश होता तो तसाच आहे. ती कंपनीला नाव देत नाही, सरांना देते.

आता त्या पत्राकडे पत्र म्हणून पाहू. आपला धंदा संहिता वाचण्याचा आहे, मग हीच संहिता का सोडावी? मराठी पत्रातला मायना हा निव्वळ शिष्टाचार नसतो. 'तीर्थरूप', 'चिरंजीव', 'सप्रेम नमस्कार' यांतून लिहिणारा आणि वाचणारा यांचे नाते पहिल्याच ओळीत ठरते. त्यानंतरचा मजकूर त्या नात्याच्या मर्यादेत राहतो. या पत्रात मायन्याच्या जागी रिकामी चौकट असते आणि यंत्र तीत नाव भरते. एकदा तर चौकट भरायची राहून गेली आणि 'प्रिय नाव' अशा मायन्याचे पत्र मला आले. अनवधानाने का होईना, ते त्या सगळ्या पत्रव्यवहारातले सर्वांत सत्य पत्र होते.

त्याहून सूक्ष्म चलाखी सर्वनामात आहे. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन अनेकवचनी शब्द आहेत, इंग्रजीला जो भेद एका शब्दाने करता येत नाही. 'आपण' म्हणताना बोलणारा ऐकणाऱ्याला स्वतःच्या बाजूला घेतो. शिफारशीच्या पत्रात शेवटपर्यंत 'आपण' असते: आपण सगळे एकाच वाटेवरचे, आपल्याला योग्य साधन हवे, आपण आजच सुरुवात करू. पैसे भरायची वेळ आली की 'तुम्ही' येते. आणि दलालीचा 'मी' संपूर्ण पत्रात कोठेही येत नाही. हे व्याकरण मी वर्गात फळ्यावर लिहून दाखवले, तेव्हा एम. ए. द्वितीय वर्षाची मुले आधी हसली, मग एकाने विचारले, "सर, तुम्ही पुस्तक सुचवता तेव्हा कोणते सर्वनाम वापरता?" मी उत्तर दिले, पण थोडे थांबून.

नांदेडने मराठीला शिफारशीचे एक वेगळे पत्रही दिले आहे. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी'ला प्रस्तावना म्हणून नरहर कुरुंदकरांचे प्रदीर्घ पत्र जोडलेले आहे. पीपल्स कॉलेजात शिकवणारा एक प्राध्यापक कादंबरीकाराला लिहितो, शिवचरित्रातल्या अडचणी मांडतो, कोणत्या प्रश्नांची उत्तरे सोपी नाहीत हे सांगतो. त्या पत्राने कादंबरीच्या खपाला हातभार लावला असेल, लावलाच असेल. परंतु ते वाचणारा अधिक प्रश्न घेऊन कादंबरीकडे जातो. शिफारस करणाऱ्याने वस्तूच्या अडचणी सांगाव्यात, ही अपेक्षा जिथे पाळली जाते तिथे शिफारस समीक्षेच्या जवळ जाते. सातव्या दिवसाच्या पत्रात अडचण नसते. असते ती 'फक्त आज रात्रीपर्यंत' ही मुदत.

नांदेडमधून लातूरकडे पाहिले की हीच गोष्ट वयाने लहान मुलांच्या बाबतीत दिसते. लातूरचा 'ट्यूशन एरिया' रिक्षावाल्यालाही ठाऊक असलेला पत्ता आहे. ज्याला आपण 'लातूर पॅटर्न' म्हणतो त्याची ख्याती महाविद्यालयांच्या वर्गांतील कसून अभ्यासावर झाली. शिकवणी वर्गांचा बाजार त्या ख्यातीवर नंतर वाढला. दहावीची परीक्षा संपते न संपते तोच पालकांचे फोन वाजू लागतात. पलीकडच्या माणसाला मुलाचे नाव माहीत असते, शाळा माहीत असते. कोणी सांगितली? त्या यादीला शाळेपासून वर्गापर्यंत पाय कसे फुटतात, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. आपण ते बोलत नाही, इतकेच. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या नावाचा हा व्यवहार आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आणि त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. ज्या हेतूसाठी माहिती घेतली त्याच हेतूसाठी ती वापरावी, हेही त्यात आहे. या कायद्याचे नियम २०२५च्या नोव्हेंबरात अधिसूचित झाले. त्यांची पूर्ण अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. तोवर नोंदणी-तक्ते भरले जातच राहतील.

सहकाऱ्याच्या बाजूने जे बोलले जाते त्यात दोन मुद्दे आहेत. पहिला असा, की वजिराबादेतला पुस्तकविक्रेताही कमिशन घेतोच. घेतो, आणि म्हणूनच तो काउंटरच्या पलीकडे बसतो. त्याने एखादे गाईड चांगले म्हटले की विद्यार्थी ते मत तेवढ्याच किमतीला घेतो. प्राध्यापकाचे मत विद्यार्थी वेगळ्या किमतीला घेतो. न्यायदर्शनाने शब्द हे प्रमाण मानले ते आप्ताच्या शब्दापुरते. ज्याला विषय ठाऊक आहे आणि फसवण्याचा हेतू नाही, तो आप्त. दलाली घेणारा खोटेच बोलतो असे नव्हे. तो आप्त आहे की विक्रेता, हे ठरवण्याचे साधन तो ऐकणाऱ्याकडून काढून घेतो. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी केंद्र सरकारने २०२२ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांतही शिफारस करणाऱ्याचा विक्रेत्याशी आर्थिक संबंध असेल तर तो उघड करावा असे म्हटले आहे. साबण विकणाऱ्या नटाकडून जे अपेक्षिले जाते ते मराठीच्या अध्यापकाकडून अपेक्षू नये?

दुसरा मुद्दा अधिक अवघड आहे, तो पोटाचा. माझा सहकारी तासिका तत्त्वावर काम करतो. नेट झाले, पीएच. डी. झाली, चाळिशी जवळ आली. दर जूनमध्ये त्याला नव्याने मुलाखत द्यावी लागते आणि मानधन कधी मिळेल याचा भरवसा नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या विनियमांतील आचारसंहिता अध्यापकाला कामात अडथळा आणणाऱ्या खाजगी शिकवण्यांपासून दूर राहायला सांगते. कायम वेतनावर बसून ती त्याला वाचून दाखवणे मला जमणार नाही. आम्ही कायम लोकांनी आमच्या विभागांत रिक्त जागा वर्षानुवर्षे तशाच राहू दिल्या, संघटनांच्या मागण्यांत तासिकावाल्यांचे कलम नेहमी शेवटी ठेवले आणि आता त्याने एका लिंकमागे काही रुपये मिळवले की आम्हाला नीती आठवते. हा आरोप मी स्वीकारतो. पण त्याची वसुली त्या मुलीकडून का व्हावी? तिचे वडील उदगीरकडच्या एका गावात दुसऱ्याच्या शेतात राबतात. सराव परीक्षेचे पैसे तिने खानावळीच्या पैशांतून काढले होते. व्यवस्थेने ज्याला नाडले त्याने आपल्याहून दुबळ्याकडून भरपाई करून घ्यायची आणि तिला त्याचा पत्ताही लागू द्यायचा नाही, याला नाइलाज म्हणणे मला मान्य नाही.

शेवटी मी त्याला एवढेच सुचवले: पत्र पाठव, लिंकही दे, फक्त पहिल्या ओळीत लिही की या विक्रीतून मला पैसे मिळतात. आणि माझे नाव काढून टाक. नाव त्याने त्याच दिवशी काढले. पहिल्या ओळीविषयी तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला, "सर, तसं लिहिलं तर कोण घेईल?"

आमच्या विभागाची पुढची कार्यशाळा डिसेंबरात आहे. नोंदणीचा तक्ता मी नव्याने आखला आहे: अनुक्रमांक, नाव, महाविद्यालय, सही. नोट्स ग्रंथालयात ठेवू; ज्यांना हव्या असतील त्यांनी झेरॉक्स काढून घ्याव्यात.