वस्तादाविना तालीम

२०२५ च्या आरंभी महाराष्ट्र केसरीच्या कुस्त्या अहिल्यानगरात झाल्या, तेव्हा मैदानात उतरलेल्या मल्लांच्या पाठीशी त्यांचे वस्ताद उभे होते. वस्तादाविना आखाड्याची माती अंगाला लावणे या जिल्ह्यातील मल्लाला सुचणारही नाही. पोहणे, सायकल आणि धावणे अशा तिहेरी शर्यतीची, म्हणजे ट्रायथ्लॉनची, तयारी करणारा हौशी खेळाडू मात्र बहुधा एकटाच सराव करतो. मनगटावरील घड्याळ आणि हातातील मोबाईल हेच त्याचे गुरू. मोजमाप पुष्कळ होते, पाहणारे कोणी नसते.

या शर्यतीचा समावेश २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून झाला. तेथे दीड किलोमीटर पोहून चाळीस किलोमीटर सायकल व त्यानंतर दहा किलोमीटर धाव घ्यावी लागते. गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेल्या शर्यतीतील अंतरे अनुक्रमे १.९, ९० व २१.१ किलोमीटर आहेत. तीन खेळ वेगवेगळे शिकले की काम भागले, असा समज यावरून होणे स्वाभाविक आहे; परंतु खरी परीक्षा सांध्यावर होते. नव्वद किलोमीटर पायडल मारून उतरलेले पाय धावणाऱ्याचे पाय नसतात. शिवाय माणूस जे जमते तेच आवडीने करतो. धावपटू आणखी धावतो आणि पाणी टाळतो. रविवारी शीण येईपर्यंत सायकल, सोमवारी पुन्हा धाव, आणि महिन्याभरात गुडघा धरून बसणे, हा क्रम थांबवणारा कोणीतरी बाहेरचा लागतो. ‘आज विश्रांती’ हे दोन शब्द उत्साही माणूस स्वतःला सांगू शकत नाही.

पाण्याच्या बाबतीत तर प्रश्न जिवाचा आहे. खेड्यापाड्यांत मूल विहिरीत पोहायला शिकते ते पाठीला सुकवलेला भोपळा बांधून, आणि काठावर कोणी थोर माणूस दोर धरून बसलेला असतो. ही शहाणपणाची रीत आहे. तीच माणसे मोठेपणी मुळा किंवा भंडारदऱ्याच्या जलाशयात एकट्याने उतरू लागली, तर त्याला धाडस म्हणता येणार नाही. तरणतलावाची भिंत आणि तळाची रेघ तेथे नसते. दिशा, लाट आणि दम यांचा अंदाज शिकवावाच लागतो.

मार्गदर्शकाचे मोल जिल्ह्याच्या वेशीवरच दिसते. शेजारच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे सैन्यात गेले, सियाचीनमध्येही राहिले. त्यांना तीन हजार मीटर स्टीपलचेसकडे वळवले ते सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी. मधल्या काळात साबळे निकोलाय स्नेसारेव्ह या नामवंत परदेशी प्रशिक्षकाकडे गेले. तेथील कठोर दिनक्रम मानवला नाही, म्हणून पुन्हा अमरीश कुमारांकडे आले. २०१८ मध्ये भुवनेश्वरला त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ चा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. नाव मोठे असणे निराळे आणि शिष्याचे अंग ओळखणे निराळे, हे येथे उघड होते.

प्रशिक्षकाचे शुल्क सामान्य नोकरदाराला परवडत नाही, ही तक्रार खोटी नाही. सायकलीवर लाखभर रुपये खर्चणाऱ्याच्या तोंडी ती शोभत नाही, एवढेच. ज्याच्याजवळ साधी सायकल आहे, त्याची सोय मात्र सार्वजनिक रीतीने झाली पाहिजे. माजी सैनिकांची या जिल्ह्यात वाण नाही. त्यांत शारीरिक शिक्षणाचा अनुभव असलेले पुष्कळ निघतील. आठवड्यातून दोन सकाळी अशा एखाद्या जाणत्याला मानधन देऊन तालुक्याच्या मैदानावर उभे करणे क्रीडा खात्याला जड नाही. पोहण्यासाठी जीवरक्षकासह ठरावीक वेळ राखून ठेवणे हे नगरपालिकांचे काम आहे, आणि त्याची मागणी येत्या अर्थसंकल्पापूर्वीच व्हायला हवी.