जर्सी मिळाली, मैदानाचे काय?

थंडीच्या दिवसांत दोंडाईचाच्या स्टेशनवर सकाळी कधीमधी एक घोळका दिसतो. पाठीला बॅगा, पायांत झिजलेले बूट, सोबत कॉलेजचे शारीरिक शिक्षणाचे सर. मिरचीच्या हंगामामुळे हवेत ठसका असतो. बाकावरचा म्हातारा विचारतो, ‘‘कथा चालना रे भाऊ?’’ मुले ओरडतात, ‘‘जयगावले, पयाले!’’ पळण्यासाठी गाडीने जायचे, याचे म्हाताऱ्याला हसू येते. मलाही येत असे. आता येत नाही.

१५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ सुरू झाले. त्याआधी आमची कॉलेजे पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची, तरी रात्रभर एस.टी.त बसून पुणे गाठावे लागे. गणितज्ञ डॉ. एन. के. ठाकरे पहिले कुलगुरू झाले आणि गिरणेकाठी बांभोरीच्या माळावर सुमारे ६५० एकरांत विद्यापीठ उभे राहिले. २०१८ साली त्याला बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. जिला अक्षरओळख नव्हती तिच्या नावाने पदवी मिळावी, याचे मला फार अप्रूप वाटते.

पण या वाढीतली एक गोष्ट फारशी कुणी बोलत नाही. विद्यापीठ वेगळे झाले, म्हणजे संघही वेगळा झाला. कबड्डीच्या संघात खेळाडू बाराच. १९९० पूर्वी त्या बारा जागांसाठी पुणे, नगर, नाशिक, धुळे आणि जळगाव अशा पाच जिल्ह्यांतली मुले झगडत. तालमी, क्लब, प्रशिक्षक सारे शहरांत. शिंदखेडा तालुक्यातल्या पोराचा तिथे काय निभाव लागणार? आता बाराच्या बारा जागा खानदेशाच्या. आंतरविद्यापीठ स्पर्धेत, ‘अश्वमेध’मध्ये, आपल्या विद्यापीठाचे नाव छातीवर लावून आपले पोर उतरते. लहान विद्यापीठाचा हा मोठा फायदा आहे, आणि तो मिळाला हे मान्य करायलाच हवे.

मात्र जर्सी मिळाली म्हणून खेळाडू घडत नाही. स्पर्धेच्या तोंडावर शिबिर भरवून दम वाढत नाही. त्याला वर्षे लागतात, पोटभर खाणे लागते, रोज घड्याळ धरून उभा राहणारा माणूस लागतो. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० साली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचे कांस्य आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. पाड्यावरच्या त्या पायांना नाशकात मैदान आणि गुरू मिळाले होते. धडगाव-मोलगीच्या डोंगरांत तसे पाय नाहीत, असे कोण म्हणेल?

आमच्या शेजारच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांची चाल पाहायला लांबलांबून शौकीन येतात. दात पाहतात, खूर पाहतात, रपेट मारून पाहतात. पहाटे शहाद्याच्या रस्त्यावर ट्रक चुकवत पळणाऱ्या पोरापोरींकडे मात्र कुणी वळून बघत नाही. (घोड्याची किंमत आधीच ठरलेली असते म्हणून असेल!) त्यातली बहुतेक पोलीस भरतीसाठी पळतात: मुलगे १६०० मीटर, मुली ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. नोकरीसाठी पळण्यात गैर काही नाही. कोरडवाहू घरात तोच खरा चषक. पण भरती झाली की पळणे संपते, आणि न झाली तर लवकरच संपते.

माझे मागणे मोठे नाही. नंदुरबारला विद्यापीठाची आदिवासी अकादमी आहे. तिथेच मैदानी खेळांचे वर्षभराचे निवासी केंद्र का नसावे? पन्नास मुले, पैकी निम्म्या मुली, दोन चांगले प्रशिक्षक आणि दोन वेळचे सकस जेवण. परीक्षा आणि स्पर्धा एकाच आठवड्यात आल्या तर पेपर पुढे घेण्याची सोय. इमारतीच्या कोनशिलेपेक्षा हे स्वस्त पडेल.

गेल्या हिवाळ्यात संध्याकाळच्या गाडीने तो घोळका परतला. एका मुलीच्या हातात तिसऱ्या क्रमांकाचे प्रमाणपत्र होते, ते चुरगळू नये म्हणून वहीत धरलेले. मी विचारले, ‘‘पुढे काय?’’

‘‘यंदा शेवटचं वर्ष, काका,’’ ती म्हणाली आणि बुटातली माती झटकू लागली.