बोलावणं नाही, तर मिशन ट्रिपही नको

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की शहरातल्या चर्चमध्ये मिशन ट्रिपची धामधूम सुरू होते. तरुण संघ नाटिका बसवतो, ॲक्शन साँग्ज पाठ करतो, टी-शर्ट छापतो, औषधांचं खोकं भरतो. याला तयारी म्हणतात! पास्टरेट कमिटीत हे खर्च मंजूर होताना मी दरवेळी विचारतो: जिथे जाताय तिथल्या मंडळीला काय हवंय, हे कुणी विचारलं का? उत्तर येतं, "देवाने बोलावलंय." देवाचं नाव पुढे करून आपला आळस झाकायचा, याची मला चीड येते.

मेळघाटाचं घ्या. धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. मराठी-हिंदीच्या कुळाशी तिचा संबंध नाही. तिथे आमची मुलं मराठी गीतं गातात, हिंदीत साक्ष देतात आणि दुभाषा शोधतात गावात पोचल्यावर. मे महिन्यात तिथली कित्येक कुटुंबं मजुरीला बाहेरगावी असतात. कॉलेजची सुट्टी बघून तारखा ठरवणाऱ्यांना त्याचा पत्ता नसतो. घरी राहिलेल्या पोरांना खाऊ वाटायचा, फोटो काढायचे, परतायचं. मग धर्मांतराच्या आरोपांना आणि गावच्या रोषाला तोंड देतो तो तिथला पाळक. त्याला कुणी आधी विचारलेलं नसतं, नंतरही विचारत नाही.

हा रोग आपल्यापुरता नाही. १९९८ च्या मिच चक्रीवादळानंतर उत्तर अमेरिकेतल्या चर्चची पथकं घरं बांधायला होंडुरासला गेली. समाजशास्त्रज्ञ कर्ट व्हेर बीक यांनी हिशेब मांडला: एका पथकाचा खर्च सुमारे ३० हजार डॉलर, आणि स्थानिक लोक तसंच घर सुमारे २ हजारांत बांधत होते. २०१० च्या भूकंपानंतर हैतीत तर अमेरिकेतल्या एका बाप्टिस्ट गटाने ३३ मुलं अनाथ समजून, रीतसर कागदपत्रांविना सीमेपार न्यायला घेतली. त्यांतल्या अनेकांचे आईबाप हयात होते. गटातल्या दहाही जणांना अटक झाली. सेवेची हौस होती, माहिती नव्हती, आणि भोगलं त्या लेकरांनी.

याउलट इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि इथली भाषा शिकले. सुमारे ११ हजार ओव्यांचं त्यांचं मराठी 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं १६१६ मध्ये. आठवडाभरासाठी जाणाऱ्याने ३७ वर्षं द्यावीत, असं मी म्हणत नाही. पण सहा महिने आधी कोरकू बोलणाऱ्या माणसाला मानधन देऊन बोलवा, त्याच्याकडून शिका. काम आणि तारखा तिथल्या पाळकाला ठरवू द्या. तो म्हणाला, नाटिका नको, विहिरीतला गाळ काढा, तर गाळ काढा. 'येऊ नका' म्हणाला, तर प्रवासाचे पैसे त्याच्या मंडळीला पाठवा. औषधं द्यायची तर डॉक्टर सोबत हवा आणि आरोग्य केंद्राला आधी कळवलेलं हवं. आईबापांना विचारल्याशिवाय मुलांचे फोटो काढू नका.

यंदाच्या पास्टरेट सभेत मी ठराव मांडणार आहे: तिथल्या मंडळीचं लेखी बोलावणं नसेल, तर ट्रिपसाठी एक रुपयाही मंजूर करू नये. तुमच्या चर्चमध्येही मांडा.