माती तपासायची ती बाटलीत की उजेडात?



कारखान्याची माती परीक्षण प्रयोगशाळा बंद करावी आणि वावरात नेऊन दोन मिनिटांत आकडे देणारे यंत्र घ्यावे, अशी सूचना काही सभासदांकडून आली आहे. वार्षिक सभेपूर्वी या बाबतीत आमचे मत मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या प्रयोगशाळेतल्या पद्धती जुन्या आहेत, यात वाद नाही. सेंद्रिय कर्बाची वॉकली-ब्लॅक पद्धत 1934 सालची, स्फुरदाची ओल्सेन पद्धत 1954 ची, जस्त-लोहाची लिंडसे-नॉरवेल 1978 ची. नत्राची सुब्बय्या-असिजा पद्धत तेवढी आपल्या देशातली, 1956 साली ‘करंट सायन्स’मध्ये छापून आलेली. 2015 साली मृदा आरोग्य पत्रिका सुरू झाल्या, त्यातले आकडेही बहुतांशी याच मार्गाने काढले गेले.

रासायनिक पृथक्करणावरचे जे संशोधन अलीकडे छापून येते त्याचा रोख मात्र निराळा आहे. रसायन कमी, नमुना थोडा, वेळ थोडा. त्यामागचे कारण खरे आहे. वॉकली-ब्लॅकमध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल लागते. त्यातले क्रोमियम विषारी, ते मोरीत ओतून चालत नाही. म्हणून मातीवर अवरक्त किरण टाकायचे आणि परत आलेल्या उजेडावरून हिशेब मांडायचा, अशी पद्धत पुढे आली. नागपुरात अमरावती रोडवर राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोचे मुख्यालय आहे. तिथेही या दिशेने काम झाले आहे.

आता काय होतं की, या उजेडाला कर्ब दिसतो, चिकणमाती दिसते, ओल दिसते, चुनखडी दिसते. पिकाला मिळणारा स्फुरद आणि पालाश त्याला थेट दिसत नाही. कर्ब इतका नि चिकणमाती इतकी, तर स्फुरद एवढा असावा, असा तो अंदाज असतो. ज्या भागातल्या मातीवर हा अंदाज बसवला त्या भागात तो बरा चालतो, दुसरीकडे गडबडतो. आणि आपल्याला सुपर फॉस्फेट किती पोती, पोटॅश किती, हेच तर ठरवायचे असते! कर्बासाठी यंत्र उपयोगी पडेल. खताच्या पोत्यासाठी आमचा त्याच्यावर आज भरवसा नाही.

आपली काळी जमीन चुनखडीची. उसावर केवडा पडला की आपण हिराकसची फवारणी करतो, त्याचे मूळही बहुधा इथेच असते. ओल्सेन पद्धत अशा जमिनीसाठीच बसवलेली आहे. कोकणातल्या आम्ल मातीला ब्रे पद्धत लागते, ती इथे लावली तर आकडा फसवा येईल. परमुलखातल्या मातीवर जुळवलेले यंत्र घेतले तर तीच गत होण्याची भीती आहे.

दुसरी गोष्ट, जिच्याबद्दल शोधनिबंधात बहुधा एका ओळीत आटोपतात, ती म्हणजे नमुना. एका एकराचा वरचा सहा इंच थर सुमारे 9 लाख किलो भरतो. वॉकली-ब्लॅकला त्यातली एक ग्रॅम माती लागते. धुऱ्याजवळची, उकिरड्याच्या जागेची किंवा नुकते खत टाकलेली माती पिशवीत भरून आणली, तर बाटली काय अन् उजेड काय, दोन्ही खोटेच बोलणार. आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा खड्डा घ्यावा, माती मिसळावी, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत. अर्धा किलो उरेपर्यंत असेच करावे. तेवढं करायला अर्धा तास पुरतो.

सभेत आमची सूचना अशी राहील. प्रयोगशाळा चालू ठेवावी, डायक्रोमेटचे सांडपाणी वेगळे साठवण्याची सोय करावी. यंत्र विकत न घेता एका हंगामासाठी भाड्याने आणावे आणि आपल्याच सभासदांच्या वावरातले तेच नमुने दोन्हीकडे तपासावेत. आकडे शेजारी-शेजारी मांडून याच पत्रिकेत छापू. खरेदीचा ठराव त्यानंतरच्या सभेत घ्यावा.