शिष्यवृत्तीचे ऋण आणि पगारावरचे कर्ज

स्मरणिकेच्या संपादकीयात वर्षभरातील कार्यक्रमांचा आढावा घ्यावा, असा आपला प्रघात आहे. यंदा तो आम्ही सचिवांच्या अहवालावर सोपवीत आहोत. कारण असे की, गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात एक धम्मबांधव आले. वय सत्तेचाळीस, रक्तदाब वाढलेला, तीन महिने नीट झोप नाही. तपासण्यांत विशेष काही निघाले नाही. बोलता बोलता उलगडा झाला. मुलाच्या अभियांत्रिकी शिक्षणासाठी त्यांनी येथील बँकेकडून पगारावर कर्ज काढले होते; ते पुरले नाही म्हणून गावाकडचे घर गहाण टाकले होते. पगाराचा जवळजवळ निम्मा भाग हप्त्यात जात होता. मुलाच्या नावे भारतात शैक्षणिक कर्ज मिळू शकले असते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. आम्हीही नाही, आणि आमची त्यांची ओळख पंधरा वर्षांची!

येथील मध्यवर्ती बँकेने २०११ साली केलेल्या नियमांप्रमाणे पगारदारास पगाराच्या वीसपटीपर्यंत वैयक्तिक कर्ज मिळू शकते आणि ते ४८ महिन्यांत फेडावे लागते. हप्ता पहिल्या महिन्यापासून सुरू होतो. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत बापाच्या उमेदीची चार वर्षे हप्त्यांत गेलेली असतात. मध्येच नोकरी सुटली, तर ज्या ग्रॅच्युइटीवर म्हातारपणाची मदार, ती आधी बँकेच्या थकबाकीकडे वळते. आपला येथील मुक्काम नोकरीवर, आणि मुलांचा मुक्काम आपल्यावर अवलंबून. अशा माणसाने शिक्षणासाठी काढू नये असे कर्ज कोणते, तर ते हेच.

भारतीय बँकांच्या शैक्षणिक कर्जाची घडण निराळी आहे. तेथे कर्जदार विद्यार्थी असतो, पालक सहकर्जदार. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर, सर्वसाधारणपणे आणखी एका वर्षाने सुरू होते. केंद्र सरकारने २०१५ मध्ये उभारलेल्या पतहमी निधीखाली साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जास घर वा शेत तारण ठेवावे लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत तर निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळवणाऱ्यास तारण आणि जामीनदार, दोन्हीही लागत नाहीत. व्याज मात्र पहिल्या उचलीपासून चढत राहते. शिक्षण चालू असतानाच व्याजापुरते पैसे भरत गेल्यास पुढचा भार पुष्कळ हलका होतो. त्याचप्रमाणे एन. आय. टी. सारख्या संस्थांत परदेशस्थ भारतीयांसाठी ‘डासा’ या नावाने ज्या जादा जागा असतात, त्यांतील काही जागा आखातात काम करणाऱ्या भारतीयांच्या मुलांसाठी ठेवलेल्या आहेत. तेथे डॉलरातले चढे शुल्क न घेता मायदेशातील विद्यार्थ्याइतकेच शिक्षणशुल्क आकारले जाते. आपल्यापैकी किती घरांत हे ठाऊक आहे?

शिष्यवृत्तीचे काय, असे वाचक विचारतील. ज्या शिष्यवृत्तीवर आमची पिढी शिकली, तिचा उगम परमपूज्य बाबासाहेबांच्याच प्रयत्नांत आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूर सदस्य असताना ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन सरकारला सादर केले, आणि १९४४ पासून उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांसाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. तीच पुढे आमच्या तोंडी ‘जी. ओ. आय.’ झाली. आमचे वडील सालगडी होते. तहसील कचेरीत उत्पन्नाचा दाखला मिळवण्यासाठी त्यांनी घातलेल्या खेपा आम्हांस आजही आठवतात. शिष्यवृत्ती वर्ष सरता सरता हाती पडे. तोवर खाणावळीच्या वहीत आमच्या नावापुढे उधारी वाढत असे. तरीही वैद्यकीय पदवी मिळाली ती त्याच पैशांवर. ते पैसे परत करण्यास आम्हांस कोणी कधी सांगितले नाही.

या शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २०१३ मध्ये अडीच लाख रुपये ठरली आणि पुढे दहा वर्षे उलटली तरी ती तेथेच होती. आम्हां डॉक्टर-अभियंत्यांची मुले तिच्या बाहेर राहिली, हे रास्तच झाले. पण येथे दरमहा हजार दिरहम कमावणाऱ्या मदतनिसाचा हिशेब करून पाहा. दिरहमला बावीस रुपये धरले तरी वर्षाचे दोन लाख चौसष्ट हजार होतात. लेबर कॅम्पात एका खोलीत अनेकांबरोबर राहणारा माणूस कागदावर सधन ठरला! त्याच्यासाठी महाराष्ट्रात फ्रीशिपची वाट आहे. मर्यादेहून अधिक उत्पन्न असलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांचे शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क तीत मिळते. त्यासाठी दहावी महाराष्ट्रातून उत्तीर्ण असावे लागते. गावी आजीपाशी राहून जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली मुलगी तेथे पात्र ठरते; शारजातील सी. बी. एस. ई. शाळेतला तिचा भाऊ ठरत नाही. दहावीसाठी मुलांना कोठे ठेवावे, याचा विचार करताना ही गोष्ट ध्यानी घेतलेली बरी.

मुलाच्या नावावर कर्ज काढा म्हटले की आपल्या घरांतून प्रथम नकार येतो. तो आम्ही समजू शकतो. सावकाराच्या वहीवर आपल्या आजोबा-पणजोबांचे अंगठे आहेत. परंतु बाबासाहेबांच्या शिक्षणाचा जमाखर्च एकदा नीट पाहावा. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या बडोदे संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली, ती शिक्षणानंतर दहा वर्षे संस्थानची सेवा करण्याचा करार लिहून घेऊन. १९१७ मध्ये ते बडोद्यास गेले तेव्हा राहायला जागा मिळेना, आणि ती नोकरी सोडावी लागली. लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी १९२० मध्ये ते पुन्हा निघाले, तेव्हा गाठीला सिडनहॅम महाविद्यालयातील प्राध्यापकीची बचत होती, राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य होते आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजार रुपये कर्ज होते. शिष्यवृत्ती, अनुदान, कर्ज, बचत हे सारे एकाच विद्यार्थ्याच्या वाट्याला आले, आणि त्यातील कशाचाही त्यांनी संकोच मानला नाही.

आपल्या मंडळाने आजवर गुणवंतांचे सत्कार केले, शाली आणि सन्मानचिन्हे दिली. त्यात आम्हीही उत्साहाने पुढे होतो. पण जयंतीच्या सभागृहावर, भोजनावर आणि पाहुण्यांच्या विमानतिकिटांवर होणारा खर्च पाहता, भथेनांचे काम करणारे आपल्यात कोणी नसावे, हे आम्हांस खटकते. म्हणून कार्यकारिणीने या वर्षापासून शिक्षण-ऋण निधी उभारण्याचे ठरविले आहे. त्यातून बिनव्याजी रक्कम दिली जाईल आणि विद्यार्थी कमावू लागल्यावर ती निधीत परत येईल, म्हणजे पुढच्याला मिळेल. शिष्यवृत्ती हाती पडेपर्यंतचे महिने आणि बँकेची पहिली उचल होईपर्यंतचे आठवडे, याच काळात मुलांचे प्रवेश जातात. तेवढी खिंड या निधीने लढवावी, अशी योजना आहे. घेणाऱ्याचे नाव व्यासपीठावरून पुकारले जाणार नाही, स्मरणिकेत छापले जाणार नाही. उत्पन्नाचा दाखलाही आम्ही मागणार नाही. तो मिळवताना काय होते ते आम्ही पाहिले आहे.

ज्यांनी ज्यांनी जी. ओ. आय. घेतली, त्यांनी निधीत पहिली रक्कम भरावी, असे कार्यकारिणीच्या बैठकीत ठरले. त्या बैठकीतील नऊ जणांपैकी सात जण त्या यादीत निघाले. अर्जाचा नमुना शेवटच्या पानावर आहे. त्यासोबत प्रवेशपत्राची व शुल्कपत्रकाची प्रत जोडून १५ मेपर्यंत कोषाध्यक्षांकडे द्यावी. बँकेचा अर्ज भरताना अडचण आल्यास शुक्रवारी सायंकाळी दवाखान्यात यावे. त्या दोन तासांत आम्ही रुग्ण तपासत नाही.