अर्ज दाखल करण्याआधी एकदा समोरासमोर बसा

लग्न मोडायचं ठरलंय, पण कोर्टात अर्ज अजून गेलेला नाही, अशा प्रत्येक नवरा-बायकोला आणि त्यांच्या घरच्यांना ही कळकळीची विनंती आहे. घटस्फोट घेऊ नका, असं मी म्हणत नाही. भांडून घेऊ नका, एवढंच म्हणतो.

एकट्याने घटस्फोट मागायचा तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ खाली बहुतेक वेळा समोरच्याचा दोष दाखवावा लागतो. मग अर्जात पानंच्या पानं आरोप येतात. त्याला उत्तर म्हणून कैफियत येते, ती दुप्पट कडवट. मागोमाग अंतरिम पोटगीचा अर्ज, मुलांच्या ताब्याचा अर्ज, एखादी फौजदारी तक्रार, आणि नुसत्या तारखा. आईच्या चारित्र्याबद्दल बापाने काय लिहून दिलं होतं, ते मूल मोठं झाल्यावर वाचू शकतं. म्हणून घाई करायची असेल तर अर्जाआधी बोलण्याची करा.

परस्पर संमतीचा रस्ता १९७६ पासून कायद्यात आहे, कलम १३ब. विशेष विवाह कायद्यात तोच कलम २८ मध्ये आहे. किमान वर्षभर वेगळं राहिल्यावर दोघांनी मिळून अर्ज करायचा. कुणी कुणावर आरोप करायचा नाही. अर्जानंतर थांबण्याची सहा महिन्यांची मुदतही, सगळ्या अटी खरोखर मिटल्या असतील आणि पुन्हा एकत्र येण्याची शक्यता उरली नसेल, तर न्यायालय माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं.

अटी मात्र बसूनच मिटतात. अमेरिकेत मिनेसोटातल्या स्टुअर्ट वेब या वकिलाने १९९० च्या सुमारास एक पद्धत सुरू केली: बोलणी फिसकटली तर दोन्ही वकिलांनी ते प्रकरण सोडायचं, कोर्टात लढायचं नाही. मग वकिलालाही समझोता व्हावासा वाटतो. मला हा विचार फार मोलाचा वाटतो. आपल्याकडच्या वकिलांनीही असं लिहून द्यायला पुढे यावं.

बसाल तेव्हा बारीकसारीक गोष्टींवरही बोला. कोर्टाच्या आदेशात बापाला महिन्यातले दोन शनिवार मिळतील, दुपारचे ठरावीक तास. तुम्ही दोघं मात्र ठरवू शकता की गणपतीत मुलगी कुणाकडे, दिवाळीची सुट्टी कशी वाटायची, दहावीच्या क्लासची फी कोण भरणार, आजारी पडली तर आधी फोन कुणाला. लॉकरमधलं स्त्रीधन यादी करून परत द्या. दोघांच्या नावावरच्या फ्लॅटचा हप्ता कोण फेडणार, तेही लिहा. आणि हुकूमनामा होईपर्यंत संमती मागे घेता येते, म्हणून ठरलेली रक्कम टप्प्याटप्प्याने द्या; शेवटचा टप्पा हुकूमनाम्याच्या दिवशी.

मारहाण होत असेल, जिवाची भीती असेल, तर मात्र यातलं काही ऐकू नका. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आधी संरक्षण घ्या. भेदरलेल्या बाईला समझोत्याला बसवणं हा अन्यायच आहे.

आईवडिलांनो, मामा-काकांनो, ‘त्यांना कोर्टात खेचूच’ असं म्हणण्याआधी नातवंडाकडे बघा. बैठकीला दोघांनाच जाऊ द्या, तुम्ही बाहेर थांबा.

जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. केस दाखल नसली तरी तिथे मध्यस्थीसाठी अर्ज करता येतो, आणि मध्यस्थापुढे बोललेलं पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही. स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो. माहितीसाठी १५१०० वर फोन करा. लग्नाचा दाखला, पगाराच्या पावत्या, कर्जाची कागदपत्रं आणि मुलांच्या फीच्या पावत्या बरोबर घेऊन याच आठवड्यात जा.